जारच्या गाडीत थर एकच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला की थंड पाण्याच्या जारवर बातम्या येऊ लागतात. आरओ प्रकल्पाला परवाना आहे का, बोअरचे पाणी तपासले का, नमुना कुठे नापास झाला. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने खासगी प्रकल्पांचे नमुने घेतले आणि काहींना टाळे लावले. ते योग्यच झाले. पण प्रकल्पाचा नळ आणि गिऱ्हाइकाचा पेला यांच्या मधे एक छोटा हत्ती किंवा पिकअप असते, आणि तिच्या हौद्यात काय घडते याकडे कोणी पाहत नाही. आम्ही जार भरण्याच्या, लादण्याच्या आणि पोहोचवण्याच्या कामातली माणसे आहोत. चांगले पाणी बिघडते आणि चांगली गाडी उलटते, त्याचे कारण पुष्कळदा एकच असते: एकावर एक रचलेले जार.

आधी वजन पाहू. फोम भरलेल्या दुहेरी भिंतीचा, तोटी असलेला जार १८ ते २० लिटरचा असतो. रिकामा साधारण साडेतीन ते चार किलो. म्हणजे २० लिटरचा भरलेला जार २४ किलोचा धरावा. आता गाडीचे नोंदणीपत्र काढा. त्यात रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक म्हणजे गाडीला सोसेल तेवढे ओझे. टाटा एसच्या जातीच्या छोट्या गाडीत तो मॉडेलप्रमाणे ७०० ते ७५० किलोच्या आसपास येतो. त्यातून चालक आणि मदतनिसाचे १३० किलो वजा केले की ६०० किलोच्या आगेमागे उरतात. भागिले २४. उत्तर येते २५ जार.

गंमत अशी की हौद्याचे मापही हेच सांगते. हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच-पाच फूट रुंद. जारचा घेर असा की बुडाला फूटभर जागा लागते. लांबीत सहा-सात, रुंदीत चार. म्हणजे एका थरात २४ ते २८ जार बसतात. एक थर भरला की गाडी वजनानेही भरली. दुसरा थर लागला की ओझे थेट दुप्पट. सकाळी सातच्या सुमारास कोणत्याही शहरातल्या प्रकल्पाबाहेर उभे राहा आणि मोजा, ५०च्या खाली भरलेली गाडी क्वचितच दिसेल.

मोठ्या पिकअपचे गणित वेगळे. तिथे परवानगी १,३०० ते १,७०० किलोपर्यंत असू शकते, पण एका थरात साधारण ४० जारच मावतात, म्हणजे हजार किलोच्या आत. वजन शिल्लक राहते, म्हणून दुसऱ्या थराचा मोह होतो. तो करायचाच असेल तर लोखंडी अँगलची पक्की मांडणी हवी, म्हणजे वरच्या जारचे वजन खालच्या झाकणावर न येता चौकटीवर येईल. या मांडणीचेच वजन १००-१५० किलो भरते, ते ओझ्यात धरावे लागते. आणि अशी चौकट हौद्याला वेल्डिंग करणे म्हणजे गाडीच्या रचनेत बदल. त्याला आरटीओची परवानगी लागते. ती न घेता गॅरेजमध्ये चिकटवलेल्या चौकटी आम्ही रोज पाहतो. वेल्डिंगच्या जागीच गंज धरतो आणि पहिला तडा तिथेच जातो.

दुप्पट ओझ्यावर चालक-मालकांचा ठरलेला इलाज म्हणजे मागच्या स्प्रिंगला जादा पाटा चढवणे. पाटा चढवला की गाडी बसत नाही, दिसायला ताठ उभी राहते. पण ब्रेकचे ड्रम तेच, लायनर तेच, टायर तेच. गाडी ताठ दिसते म्हणून ती थांबेलही, असे नाही. उलट पूर्वी गाडी बसलेली पाहून पोलिसाला शंका तरी यायची.

थांबताना काय होते तेही पाहा. जोरात ब्रेक लागला की प्रत्येक जार आपल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त जोराने पुढे ढकलला जातो. ओल्या पत्र्यावर प्लॅस्टिकच्या बुडाची पकड त्याच्या निम्मीही नसते. खालच्या थराला निदान केबिनमागची जाळी आणि बाजूचे फाळके, म्हणजे हौद्याच्या उघडता येणाऱ्या कडा, अडवतात. फाळका जेमतेम फूटभर उंच, जार दीड फुटाचा. म्हणजे वरचा थर संपूर्णपणे फाळक्याच्या वर, मोकळ्या हवेत उभा असतो. त्याला धरून ठेवतो तो एक नायलॉनचा दोर, तोही बहुतेक वेळा फक्त मागून आडवा. वळणावर गाडी कलली की हा थर कडेला सरकतो आणि कलायला हातभार लावतो. २४ किलोचा जार दुचाकीवाल्याच्या अंगावर पडला तर काय होईल, हे सांगायला नको.

आता पाण्याचे. जार रचताना वरच्याचे बूड खालच्याच्या झाकणावर टेकते. ते बूड आदल्या दिवशी मंगल कार्यालयाच्या मोरीजवळ, दुकानाच्या पायरीवर, बांधकामावरच्या वाळूत टेकलेले असते. ती माती झाकणाच्या कडेला बसते आणि झाकण फिरवले की आत पडते. शिवाय २४ किलोच्या धक्क्यांनी झाकण दबते, आटे झिजतात, आतली रबरी रिंग नीट बसेनाशी होते. मग रस्ताभर पाणी हिंदकळून झाकणातून झिरपते आणि रस्त्याची धूळ त्याच ओलीवर बसते. याहून वाईट सवय म्हणजे पुढचा जार काढायला मदतनीस चपलेनिशी झाकणांवरून चालत जातो. मागचा फाळका उघडून पुढच्या ओळीपर्यंत हात पोहोचत नाही, दुसरी वाट नसते, म्हणून तो तसे करतो. त्याला रागावून उपयोग नाही. गाडी पदपथाला डावी बाजू लावून उभी करावी आणि डावा फाळका पाडून तिथून जार काढावेत. वाहतुकीच्या बाजूचा फाळका कधीही उघडू नये.

प्रकल्पावर पाणी शुद्ध होते म्हणून पुढे ते शुद्धच राहते, हा मोठा गैरसमज आहे. कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यापुढे आरओचा पडदा आणि अतिनील दिवा. बाहेर आलेल्या पाण्यात जंतू नसतील, पण नव्याने शिरणाऱ्या जंतूला मारणारेही काही उरलेले नसते. नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर अवशिष्ट क्लोरीन असावे असा दंडक आहे. ते वाटेत थोडी राखण करते. जारच्या पाण्याला ती राखण नाही. म्हणून झाकणावरची चिमूटभर माती नळाच्या पाण्यापेक्षा जारमध्ये जास्त महागात पडते. प्रकल्पचालकांनी शेवटच्या टाकीत मोजून क्लोरीन द्यावे आणि ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक करतात तशी ओटी चाचणी (थेंब टाकून रंगावरून क्लोरीन ओळखण्याची) जार भरताना करावी. वास येतो म्हणून गिऱ्हाईक कुरकुरते हे खरे. कुरकुरू द्यावे.

धुण्यातली सर्वांत मोठी चूक तोटीपाशी होते. तोटी बुडापासून इंच-दीड इंच वर बसवलेली असते. तिच्या खालचे पाणी जार वाकवल्याशिवाय कधीच बाहेर येत नाही. सकाळच्या घाईत जार न उपडा करता त्या शिळ्या पाण्यावरच नवे पाणी भरतात. आठवड्याभरात बुडाच्या कडेला आतून बुळबुळीत थर धरतो. बोट फिरवले की लगेच कळतो. तो थर नुसत्या पाण्याने जात नाही. लांब दांड्याच्या ब्रशने घासून, मग क्लोरीनच्या पाण्यात भिजवावा लागतो. बाजारात मिळणारे ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट १० लिटर पाण्याला १० मिलि घेतले की ५० पीपीएमचे (दहा लाख भागांत ५० भाग क्लोरीनचे) पाणी तयार होते. जारच्या आत सगळीकडे ते लागेल असे फिरवून दहा मिनिटे ठेवावे, थोडे तोटीतून सोडावे, मग स्वच्छ पाण्याने विसळावे. हायपोक्लोराइटचा डबा उन्हात ठेवला तर औषधाची ताकद उतरते आणि नुसता वास उरतो, म्हणून तो सावलीत ठेवावा आणि जुना साठा वापरू नये. ॲसिड आणि हे औषध एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. आठवड्यातून एकदा तोटीचा आतला नट सोडून वायसर काढून घासावा. काळा पडलेला वायसर टाकून द्यावा, तो धुऊन परत बसवण्याइतका महाग नसतो.

बर्फाबद्दल थोडे. लग्नसराईत चिलर पुरा पडत नाही, मग जारमध्ये लादी फोडून टाकतात. २० लिटर पाणी ३० अंशांवरून १० अंशांवर आणायला साधारण साडेचार किलो बर्फ लागतो, म्हणजे जारमधला जवळजवळ पाचवा हिस्सा त्या बर्फाचा. तो कुठल्या पाण्याचा, कुठल्या पोत्यावरून घसरत आला, याची शुद्धता मग आरओपेक्षा महत्त्वाची ठरते. राज्यात २०१८पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालणे सक्तीचे आहे. निळसर लादी जारजवळ दिसली तर जार परत करावा. पांढरी दिसली म्हणजे खाद्यच असेल, असेही नाही.

लादण्याची रीत अशी असावी. सकाळी हौदा धुऊन त्यावर रबरी मॅट अंथरावी. पत्र्यावर जार घसरतो, मॅटवर तो धरला जातो. पहिली ओळ केबिनच्या जाळीला घट्ट टेकवून लावावी, पुढची ओळ दोन जारच्या खाचेत, एकाआड एक. तोट्या बाहेर किंवा फाळक्याकडे नकोत. प्रत्येक तोटी शेजारच्या दोन जारच्या मधल्या पोकळीत वळवावी. फाळक्यावर आपटून तोटी तुटते तेव्हा ती बाहेरून नुसती चिरलेली दिसते, आणि अर्ध्या वाटेत जार रिकामा होतो. जार गळ्यापर्यंत भरावा, अर्धवट भरलेला हिंदकळतो. वर ताडपत्री. ऊन आणि धूळ दोन्हींसाठी ती हवी, पण तिची झाकणांना लागणारी बाजू ठरलेली असावी, एका कोपऱ्याला खूण करून ठेवावी. नाहीतर काल जमिनीवर पसरलेली बाजू आज झाकणांवर येते. पट्टा रॅचेटचा, म्हणजे खटक्याने आवळायचा, वापरावा, नायलॉनचा दोर ओला झाला की सैल पडतो.

फेरी अर्धी झाली की खरी गडबड सुरू होते. मागचे जार उतरल्यावर उरलेल्यांना आधार राहत नाही. कोणी कोणी चढायचा कंटाळा करून शेवटचे जार अगदी मागे, फाळक्यापाशी ठेवतात. वजन मागच्या चाकांमागे गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हलके लागते. घाटात किंवा ओल्या रस्त्यावर हे धोक्याचे. उरलेले भरलेले जार पुढेच हवेत आणि रिकाम्यांच्या आणि त्यांच्यामध्ये आडवी फळी हवी. रिकामा जार भरलेल्याला टेकवू नये, कारण तो कुठून आला हे कोणालाच माहीत नसते. तो जेमतेम चार किलोचा, महामार्गावर वाऱ्याने उडतो. त्यालाही पट्टा लागतो.

दोन थर का लागतात, हे कोणाला कळत नाही असे नाही. शहरानुसार जार वीस ते चाळीस रुपयांना जातो. २५ जारच्या फेरीत डिझेल, चालक, मदतनीस आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता निघणे कठीण जाते, म्हणून ५० लादले जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल उतरवण्याची तरतूद आहे. पण वजनकाटे असतात महामार्गावर, आणि जारच्या गाड्या फिरतात गल्लीबोळांत. सील नसलेला जार पॅकबंद पाण्यात धरायचा की नाही, यावर अन्न व औषध प्रशासन आणि पालिका एकमेकांकडे बोट दाखवतात. गाडी तर कोणाच्याच यादीत नाही.

काट्याची वाट न पाहता एक गोष्ट करता येईल. जारची संख्या डोळ्यांनी मोजता येते. परिवहन विभागाने जार वाहणाऱ्या प्रत्येक गाडीच्या फाळक्यावर, नोंदणीपत्रातल्या वजनावरून काढलेली जारची कमाल संख्या ठळक अक्षरांत रंगवणे सक्तीचे करावे. 'जार २५, थर एक.' मग चौकातला हवालदारही, सोसायटीचा रखवालदारही ते तपासू शकेल. पालिकांनी प्रकल्पाची तपासणी करताना दारात उभ्या गाडीचा हौदा, मॅट, ताडपत्री आणि दोन-चार जारची आतली कड बोट फिरवून पाहावी. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि वर्षभराचा करार करणाऱ्या सोसायट्या, बँका, दवाखाने, मंगल कार्यालये यांनी दर ठरवताना जारमागे दोन-तीन रुपये जास्त द्यावेत आणि करारात लिहून घ्यावे: गाडी एका थराची असेल, झाकणावर पाय पडलेला जार घेतला जाणार नाही, तोटीचा वायसर दर महिन्याला बदलला जाईल. पुरवठादार सुरुवातीला नाही म्हणेल. मग त्याला विचारावे, सध्या तो एका फेरीत किती जार आणतो.

कळावे,
जारच्या गाड्या भरणारे आणि चालवणारे काही जण, नाशिक