रिपोर्टमध्ये हालचालीचा रकाना हवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन,
सविनय नमस्कार.

इंदूरमधला पाचव्या महिन्याचा कुठलाही सोनोग्राफी रिपोर्ट उघडा. डोक्याचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी, वार, पाणी, सगळे मिळेल. बाळाने कोपर वाकवले का, मूठ उघडली का, हे बहुधा मिळणार नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्म एफमधला एक रकाना रिकामा राहिला तर मशीन सील होऊ शकते. हालचालीचा रकाना मात्र रिपोर्टमध्ये नसतोच.

जन्मतः अनेक सांधे आखडलेले असणे, म्हणजे आर्थ्रोग्रायपोसिस, साधारण 3,000 ते 5,000 जन्मांत एकदा दिसते. स्नायू, नस किंवा त्यांच्या जोडात दोष असला की बाळ हलत नाही आणि न हललेला सांधा आखडतो. हाडांची लांबी मात्र बऱ्याचदा ठीक भरते, म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' निघतो. गंभीर प्रकारात छाती हलत नाही, फुप्फुसे खुरटतात. बाळ पाणी गिळत नाही म्हणून गर्भजल वाढते, पण तोवर बहुधा सहावा-सातवा महिना लागलेला असतो.

आईला हालचाल 18-20 आठवड्यांना कळते, पडद्यावर हातपाय दहाव्या आठवड्यातच हलताना दिसतात. म्हणून 11 ते 13 आठवडे 6 दिवसांच्या एनटी स्कॅनमध्ये मानेमागचे पाणी मोजले की लगेच प्रोब (पोटावर फिरवायचे यंत्र) उचलू नये. दोन्ही बाजूंची कोपरे, मनगटे, गुडघे, घोटे उघडता-मिटताना पाहावेत. फ्रीज केलेल्या चित्रात हे कळत नाही. बाळ स्वस्थ पडले असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. आई खोकली किंवा प्रोबने ढोसले की बाळ डुलते. ती त्याची हालचाल नव्हे, आणि चूक इथेच होते. काही प्रकार उशिरा उमटतात, तेव्हा बाराव्या आठवड्यात ठीक दिसले तरी 18-20 आठवड्यांना पुन्हा बघायला हवेच.

शंका पक्की झाली तर आईच्या रक्तात मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराची, प्रतिपिंडे तपासावीत. तिला काहीही त्रास नसताना ती असू शकतात, आणि हे कारण उपचार करण्यासारखे आहे. जनुकीय तपासणीसाठी गर्भजल 15 आठवड्यांनंतर काढता येते. गर्भपाताचा निर्णय 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतो, 24 नंतर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. आठवडे मोजकेच हाती असतात.

दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात होणाऱ्या गरोदर बायकांच्या तपासणीच्या गर्दीत कुणाला अर्धा तास थांबवणे सोनोग्राफीच्या खोलीत जमत नाही. तेव्हा सरकारी रिपोर्टच्या नमुन्यात प्रत्येक सांध्याच्या हालचालीची ओळ छापावी, आणि शंका असलेल्या बाईला त्याच दिवशी दुपारी, नवी पर्ची न काढता, दुसऱ्यांदा पाहण्याची वेळ राखून ठेवावी.

आपले,
इंदूरमधील सोनोग्राफी व स्त्रीरोग क्षेत्रातील काही डॉक्टर