उंची-वजन विचारू नका, मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावात आरोग्याचे एक सर्वेक्षण झाले. ते कोणाचे होते हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तक्रार पद्धतीबद्दल आहे. मोबाइल घेऊन आलेल्या मुलांनी घरोघरी उंची आणि वजन विचारले, मिळालेले आकडे भरले आणि ती पुढच्या घराकडे गेली. वजनकाटा त्यांच्याजवळ नव्हताच. मी तीस वर्षे उपकेंद्रांतून आरोग्यसेविका म्हणून काम केले असल्याने मला हे पाहून स्वस्थ बसवले नाही.

शेजारच्या घरी मी ओसरीवरच होते. "वजन किती?" या प्रश्नावर ती बाई म्हणाली, "मी कुठं मोजलं व माय! पोरगा झाला तवा पंचेचाळीस भरलं होतं, आताही तेवढंच असन." उंचीचा प्रश्न आला तेव्हा तिच्या नवऱ्यानेच दारातून "पाच फूट लिहा" असे सांगितले. ही बाई वेचणीला जाते. संध्याकाळी वावरात काट्यावर तिचा कापूस किती भरला हे ती पाव किलोपर्यंत सांगते, कारण मजुरी किलोवर मिळते. स्वतःच्या वजनाला मात्र तिच्या आयुष्यात भाव असा कधी लागलेलाच नाही. पंचेचाळीस हा आकडा तिच्या माता-बाल कार्डावरचा, तोही नवव्या महिन्यातला आहे आणि तो मुलगा आता शाळेत जातो.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन काट्यावर गेले. तत्पूर्वी धान्याच्या दुकानातून वीस किलोचे लोखंडी वजन आणवून काटा तपासला. चपला काढून, अंबाडा सोडून, टाचा भिंतीला टेकवून आणि नजर समोर ठेवून मोजले तेव्हा उंची 148 सेंटिमीटर आणि वजन 38 किलो भरले. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, मिळतो. सांगितलेल्या आकड्यांवरून तो 19.4 येतो, म्हणजे बाई ठणठणीत. मोजलेल्या आकड्यांवरून 17.3 येतो, म्हणजे 18.5 या रेषेच्या बरीच खाली, कृश. उंचीचा वर्ग होत असल्याने तिच्यातली एक टक्का चूक बीएमआयमध्ये जवळपास दोन टक्के होते, ही गोष्ट वेगळीच.

सांगितलेले आकडे कच्चे असतात हे संशोधकांना ठाऊक नाही असे नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यातही हेच आढळले, की लोक साधारणपणे उंची वाढवून आणि वजन कमी करून सांगतात. वयस्क माणसे तर तरुणपणीची उंची सांगतात. म्हणून काही ठिकाणी सांगितलेल्या आकड्यांना सूत्र लावून ते दुरुस्त केले जातात. माझा मुद्दा इथेच आहे. ही सूत्रे ज्या समाजांत बसवली गेली, तिथे माणसाला स्वतःचे वजन माहीत असते आणि ते सांगताना तो थोडी लबाडी करतो. आमच्याकडे लबाडीचा प्रश्नच नाही. आकडाच शिळा किंवा दुसऱ्याने सांगितलेला असतो. वजन कमी सांगितले असेल असे धरून या बाईच्या पंचेचाळीसमध्ये सूत्राने आणखी एखादा किलो वाढवला, तर दुरुस्तीच्या नावाखाली चूक वाढेल. गावात आपली उंची नेमकी सांगू शकतात ती पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे, कारण पुरुषांसाठी 165 सेंटिमीटरची अट त्यांना पाठ असते. त्यातही 164 वाला स्वतःला 165 म्हणवतो, ते सोडा.

खेड्यात मोजणे जमत नाही हे कारण मला पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उंची-वजन प्रत्यक्ष मोजतात आणि 2019-21 च्या फेरीत तर कंबर आणि नितंबांचा घेरही मोजला गेला. त्यात 49 वर्षांपुढच्या स्त्रिया येत नाहीत, ही उणीव आहेच. आपल्या विदर्भातल्या नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचारात आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या उंची पाहून दिल्या गेल्या. खुणा केलेल्या एका पट्टीवर गोळ्यांचा हिशेब भागतो, तर संशोधनाचा का भागू नये?

सर्वांना मोजणे खरोखरच शक्य नसेल, तर निदान दहांतील एकाला मोजावे आणि त्यावरून त्याच भागातील सांगितलेल्या आकड्यांत चूक किती असते याचा अंदाज बांधावा, "शेवटचे वजन कधी केले?" हा प्रश्न जोडावा, आकडा स्वतः सांगितला, नवऱ्याने सांगितला की विचारणाऱ्याने नजरेने ठरवला, हे नोंदवावे आणि अहवालात ते ठळकपणे छापावे. शेणाने सारवलेली जमीन सपाट नसते, तेव्हा काट्याखाली घालायला एक फळी सोबत आणावी. आणि वेचणीच्या दिवसांत बाया दिवसभर वावरात असतात, म्हणून मोजायला यायचे ते सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर यावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. केळापूर, जि. यवतमाळ