फुटला, कारण फोडायचाच होता

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अंतराळात फुगवून उभारायच्या घरांविषयीची आपली बातमी वाचली. मजकूर नेटका होता, घात केला तो ‘फुगा चाचणीत फुटला’ या मथळ्याने. अहो, ती चाचणी फोडण्यासाठीच होती! डिसेंबर २०२३ मध्ये सिएरा स्पेस या अमेरिकी कंपनीने पूर्ण आकाराचे घर हवा भरभरून फोडले, ते दर चौरस इंचाला ७७ पौंड दाबावर. आत माणसे राहताना दाब जेमतेम १५.२ पौंड असणार. त्याच्या चौपट, म्हणजे ६०.८ पौंड, सोसावा ही अपेक्षा होती. याला नापास कसे म्हणायचे?

‘फुगा’ हा शब्दही खटकला. १९६० मधला एको-१ उपग्रह खरोखरच फुगा होता, शंभर फूट व्यासाचा. आताच्या घरांत हवा धरून ठेवायला एक पातळ पिशवी असते, पण सगळा भार पेलतात त्या तिच्यावरच्या व्हेक्ट्रान धाग्याच्या विणलेल्या पट्ट्या. त्यावर बारीक उल्कांचा मारा अडवणारे थर आणि सर्वांत बाहेर उष्णतारोधक आवरण.

माझी हयात कापडाच्या धंद्यात गेली, म्हणून २०१६ चा प्रसंग विसरत नाही. अंतराळ स्थानकाला जोडलेले ‘बीम’ हे छोटे दालन २६ मे रोजी फुगवायला घेतले, तर दाब चढतोय आणि कापड काही हलेना. काम थांबवावे लागले. ठरल्यापेक्षा जास्त काळ घडी करून ठेवल्याने थर एकमेकांवर घट्ट बसले होते. जुना तागा उलगडताना घडी कशी चिकटून बसते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. दोन दिवसांनी स्थानकावरचे अंतराळवीर जेफ विल्यम्स यांनी झडप काही सेकंद उघडायची, बंद करायची, वाट पाहायची, असे २५ वेळा केले. हवा सोडली एकूण अडीच मिनिटेही नाही, वेळ गेला सात तास. आत घडी धरून ठेवणारे पट्टे सुटताना लाह्या फुटाव्यात तसे आवाज येत होते. दोन वर्षांसाठी लावलेले ते दालन पुढे सामान ठेवायला वापरात राहिले.

मला खरी धास्ती वाटते ती सततच्या ताणाची. कायम ताणलेला पट्टा महिनोन्‌महिने कणाकणाने लांबत जातो आणि एके दिवशी नेहमीच्याच दाबाला तुटतो. हे तपासायला कापड ताणून नुसते लटकवत ठेवावे लागते. अशा चाचणीचे छायाचित्र काय छापणार म्हणा! तरी तिच्याबद्दल चार ओळी येऊ द्या. आणि मथळ्यात ‘फुटला’ घालायचेच असेल तर खुशाल घाला, पण किती दाबाला, किती तासांनी आणि नेमका कुठे फुटला, तेही खाली छापा.

आपला,
एक नियमित वाचक