बोटीचं टोकन देण्याआधी

बेळगाव,
रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर बोललीस ते सगळं बाबांना सांगितलं. ते अजून गप्प आहेत, पण नको म्हणालेले नाहीत. तू पंधरवड्यात टोकन देणार म्हणतेस, म्हणून लगेच लिहायला बसले. फोनवर हे सगळं नीट बोलणं होत नाही.

धंदा मला पसंत आहे, हे आधी सांगते. कारवारच्या काळी नदीवर बोट, आणि ती सुट्या तिकिटांवर न चालवता अख्खी एकाच गटाला तासावर द्यायची, यात दम आहे. आपल्या मंगल कार्यालयात चौकशीला येणारी माणसं मी रोज बघते की गे. हळद, डोहाळजेवण, साठीशांत, बँकेतल्या माणसाचा निरोप समारंभ, सगळ्यांना हल्ली चार भिंतींच्या बाहेर काहीतरी हवं असतं. बेळगाव-हुबळीकडचे असे गट चोर्ल्याचा घाट उतरून पणजीला जातात आणि मांडवीवरच्या बोटीत अनोळखी गर्दीत बसून परत येतात. आपली माणसं, आपलं जेवण, आपली गाणी असं कारवारात मिळालं तर ते नक्की येतील. हिडकलचा विचार सोडलास तेही बरं केलंस. धरण ५१ टीएमसीचं, पण ऐन लग्नसराईत, एप्रिल-मेमध्ये, पाणी खाली जातं आणि काठाला नुसता गाळ उरतो. राकसकोप जलाशयाचं पाणी तर शहर पितं, तिथं पार्टीचं नावच काढायला नको.

आता मुद्द्याचं. इतकी वर्षं कार्यालय चालवताना एक गोष्ट पक्की कळलीय, यजमान खरा आकडा कधी सांगत नाही. त्याला फसवायचं नसतं, त्याला स्वतःलाच तो माहीत नसतो. तीनशे ताटं म्हणतो आणि चारशे होतात. मांड्यांचं जेवण ठेवलंय म्हटलं की पाचशेही होतात. आम्ही आचाऱ्याला सांगून भात चढवतो, बाहेर दोन बाकं टाकतो, एक पंगत वाढवतो, निभावून जातं. बोटीत वाढीव पंगत नसते. परवान्यावर साठ लिहिलं असेल तर एकसष्टावा माणूस काठावरच राहिला पाहिजे, मग तो नवरदेवाचा मामा का असेना. आणि हे तुला सांगावं लागणार ते धक्क्यावर उभं राहून. सगळे नटूनथटून आलेले, गाणी सुरू झालेली, ज्यानं पैसे भरले तो यजमान तोंडासमोर उभा. त्या वेळी तुझ्या तोंडून 'चला, बसा कसंतरी' निघू नये, यासाठीची तयारी बुकिंगच्या दिवसापासून करायची.

म्हणून पहिल्यांदा दर बदल. तू डोक्यामागे दर आणि कमीत कमी चाळीस डोकी असं म्हणालीस. नको गे. डोक्यामागे दर लावलास की जास्तीच्या प्रत्येक माणसामागे तुला पैसे मिळतात, मग कितीही प्रामाणिक असलीस तरी कठीण दिवसांत हात सैल होतो. बोटीवरचा पोऱ्याही शिकतो, दहा जास्त घेतले की मालकीणबाई खूश. अख्ख्या बोटीचा तासाचा एकच दर ठेव, वीस आले तरी तोच, पन्नास आले तरी तोच. वरच्या माणसाचा तुला एक रुपयाही मिळायचा नाही, मग नाही म्हणणं सोपं जातं. जेवणाचे पैसे ताटावर घे, ते वेगळं.

दुसरं, साठ जागा साठ म्हणून विकू नकोस. डीजेवाला आणि त्याचा मदतनीस, फोटोवाला, ड्रोनवाला, केक घेऊन आलेला, वाढपी, ही माणसं यजमानाच्या हिशेबात नसतात आणि बोटीच्या हिशेबात असतात. खलाशी सोडून जो पाय ठेवेल तो मोजायचा. कडेवरचं पोरसुद्धा. बावन्न विक, आठ हातात ठेव. दोन दिवस आधी नावांची यादी मागव, आणि तेवढ्याच मनगटपट्ट्या धक्क्यावर ने. पट्ट्या संपल्या की चढणं संपलं. हे करारात ठळक लिही आणि बुकिंगच्या वेळी वाचून दाखव, नुसती सही घेऊ नकोस.

आणि शंभर-दीडशेचा गट आला तर परत पाठवू नकोस, मोठे गट हाच तर तुझा धंदा. धक्क्याजवळ जागा बघून मांडव टाक, जेवण आणि डीजे काठावर ठेव आणि बोटीच्या दोन-तीन फेऱ्या कर. अर्धे जेवतात तोवर अर्धे फिरून येतात. म्हाताऱ्या माणसांना पाण्यात जायचंच नसतं, ती काठावर आनंदात बसतात. ही व्यवस्था आपल्याला डोळे झाकून जमते, वाढपी आणि भांडी मी इथून पाठवीन.

आकड्यासाठी मी एवढी हट्टाला का पेटलेय ते सांगते. २१ जानेवारी २०१९ ला कूर्मगड बेटावरच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट कारवारजवळ उलटली, १६ माणसं गेली. तू जिथं धंदा मांडणार तिथलंच पाणी ते. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला २२ जण गेले. ती मुळात मासेमारीची बोट, फेरफार करून पर्यटनाला लावलेली, आणि वर माणसं मर्यादेपेक्षा जास्त. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. थेक्कडीचं तर तू लहान होतीस तेव्हाचं, ३० सप्टेंबर २००९. दुमजली बोट कलंडून ४५ पर्यटक गेले. काठावरची जनावरं बघायला लोक एका बाजूला सरकले असं तेव्हा पेपरात आलं होतं.

हे शेवटचं तुझ्या बोटीला सगळ्यात जास्त लागू आहे. सरासरी ७५ किलो धरले तर साठ माणसांचे साडेचार टन होतात. पोती असती तर बांधून ठेवली असती, हे वजन उठतं, नाचतं, एकदम धावत सुटतं. त्यातले निम्मे वरच्या डेकवर गेले की वजन उंच जातं आणि कललेली बोट परत सरळ व्हायची ताकद कमी होते. काळीच्या तोंडाशी सूर्य बुडायला लागला की सगळे फोन काढून पश्चिमेच्या कठड्याला जाणार. कितीही ओरडलीस तरी जाणार. म्हणून सारंगाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, आधीच सांगून ठेव, त्या वेळी बोटीचं नाक सूर्याकडे वळवायचं, म्हणजे माणसं आपोआप दोन्ही बाजूंना वाटली जातात. वरच्या डेकवर एका वेळी किती, तो आकडा सर्व्हेअरकडून लिहून घे, शिडीच्या पायथ्याशी रंगव आणि तिथं आपला एक माणूस उभा कर. आणि डीजेचा माईक बंद करायचं बटण सारंगाच्या हाताशी असू दे.

गेल्या आठवड्यात तू दाखवलीस ती बोट मी नीट बघितली होती. तेव्हा विकणाऱ्यासमोर बोलले नाही. वरच्या मजल्याचे पाइप नवे आहेत, वेल्डिंगच्या जागी रंगाखाली गंज अजून धरलेला नाही, आणि खालचा सांगाडा मात्र जुना. म्हणजे वरचा मजला मागाहून चढवलाय. कठडा माझ्या मांडीपर्यंत येतो, हातानं हलवला तर डाव्या बाजूचा एक खांब डुगडुगतो. लाईफ जॅकेटं कपाटात, कपाटाला कुलूप, आणि जॅकेटांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. आणि तो हसत म्हणाला, 'साठ बसतात मॅडम, ऐंशीपण नेलेत.' त्या एका वाक्यावर मी ती बोट घेणार नाही. ज्यानं ऐंशी नेलेत त्यानं बोटीला आणखी काय काय सोसायला लावलंय ते तो सांगणार नाही. तरी तुला तीच हवी असेल तर वरचा मजला चढवल्यानंतरचं सर्वेक्षण झालंय का, ते कागद मला दाखव. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट, म्हणजे नदी-खाडीतल्या बोटींचा कायदा, आला. नोंदणी, सर्वेक्षण, चालवणाऱ्यांची प्रमाणपत्रं आणि विमा, हे चारही त्यात आहेत. 'नंतर करून देतो' हे चालायचं नाही.

सारंग कारवारचाच घे. पगार थोडा जास्त पडला तरी चालेल. ऑगस्ट २०२४ मध्ये काळीवरचा जुना पूल मध्यरात्री कोसळला तेव्हा ट्रकवाल्याला पाण्यातून काढायला तिथले मच्छीमारच धावले होते. वाळू कुठं साचते, ओहोटीला कुठं तळ लागतो, ते त्यांना ठाऊक असतं. वारा बघून फेरी रद्द करायचा अधिकार एकट्या सारंगाला दे. त्यात तूसुद्धा बोलायचं नाहीस. यजमानाला पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख, हे छापूनच ठेव. मुहूर्त पंचांगातून निघतो, तुझी निघायची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून निघणार. ओहोटीला धक्क्यावरची फळी तिरकी होते आणि नऊवारीतल्या आजीला ती उतरता येत नाही, तेव्हा तारीख घेतानाच तक्ता उघडून बस.

हळदीचं बुकिंग सगळ्यात जास्त येईल, आणि डेक सगळ्यात वाईट त्यातच होतो. हळदीचं पाणी आणि तेल पडलं की पाय ठरत नाही, अक्षतांनी पाण्याच्या वाटा तुंबतात. खाली खरखरीत मॅट घाल, हळद लावायची जागा मधोमध ठेव, कठड्यापाशी नको. बोटीत चूल, शेगडी, होम काही नाही. केकवरची फुलबाजीसुद्धा नाही. जेवण काठावरून गरम डब्यांत न्यायचं. थर्माकोलची सजावट, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे ग्लास-चमचे १ जुलै २०२२ पासून बंद आहेत, सजावटवाल्याला आधी सांग. रात्री दहानंतर स्पीकर नाही. खाण्याचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा, परवाना लागेल, तो आपला इथला चालतो का ते मी विचारून ठेवते. दारूचं मात्र कडक ठेव. गोव्यातून बाटल्या घेऊन लोक हद्दीवरच्या माजाळीच्या नाक्यावरून येतील आणि तुझ्या बोटीत उघडतील, मग अबकारीवाले तुलाच धरणार. परवाना नसेल तर थेंब नाही, आणि प्यायलेल्या माणसाला जॅकेटाशिवाय वर सोडायचं नाही. खरं म्हणजे जॅकेट सगळ्यांनाच घालायला लाव. फोटो खराब होतात म्हणून कुरकुरतील. चांगल्या रंगाची, अंगाला बसणारी घे, लहान मुलांच्या मापाची वेगळी.

सूचना मराठी, कन्नड आणि कोंकणी, तिन्हींत दे. हुबळीचा गट असेल तर कन्नडात बोलणारा खलाशी पुढं कर. बंदराचे कागद कन्नडात येतील. तुला शाळेत कन्नड होतं, वाचता येतं, तरी कायद्याचं कन्नड वेगळं. आपल्या वकिलांना दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

पैशाचं थोडक्यात. जून ते सप्टेंबर बोट बांधून ठेवायची आहे, हप्ता मात्र बारा महिने जातो. सारंगाला पावसाळ्यात निम्मा तरी पगार दिला नाहीस तर ऑक्टोबरात तो दुसऱ्याच्या बोटीवर दिसेल. रंगरंगोटी, इंजिनाचं काम, सर्वेक्षण, सगळं त्याच चार महिन्यांत येतं. तुझ्या कागदावर बारा महिन्यांची कमाई मांडलीयस, ती आठ महिन्यांवर आणून पुन्हा कर. बुकिंगला निम्मे पैसे, तीन दिवस आधी उरलेले, मोडतोडीचं डिपॉझिट वेगळं. आमच्याकडे एका कार्याचे पैसे वरात निघून गेल्यावर मागायची पाळी आली होती, ते अजून आलेले नाहीत.

माझ्या मनातलं असं आहे. पहिला हंगाम बोट विकत न घेता दुसऱ्याची चांगली, कागद पुरे असलेली बोट भाड्यानं घेऊन गट चालव. तुला गिऱ्हाईक कळेल, सारंग कळेल, बोट कशी हवी तेही कळेल. पुढच्या वर्षी घ्यायची झाली तर मी माझी ठेव मोडून देईन, बाबांना मी सांगते. तोवर त्या माणसाला टोकन देऊ नकोस. तुझी मडगावची मैत्रीण घाई करत असेल तर तिला घेऊन शनिवारी इकडे ये, कार्यालय रिकामं आहे, तिघी बसून आकडे मांडू. येताना करारपत्राचा मसुदा आणि त्या बोटीच्या नोंदणीची, सर्वेक्षणाची आणि विम्याची झेरॉक्स आण. कुंदा करून ठेवते.

तुझी
आई