आडवं झाल्यावर वाढतं का, असं विचारणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तशी तुमची परवानगी घेतलेली नाही. त्या रात्री कॅज्युअल्टीत तुम्ही निवासी डॉक्टर म्हणून ड्यूटीवर होतात. सिझेरियननंतरची डोकेदुखी घेऊन आलेली एक बाळंतीण बाळ कुणाच्याही हातात द्यायला तयार नव्हती. मी तिचा नवरा. एवढ्यावर ओळख पटावी.

तुमच्यापर्यंत येईतो त्या डोकेदुखीला बरीच कारणं चिकटली होती. जागरण, अशक्तपणा, चष्म्याचा नंबर. सगळ्यात पटणारं कारण म्हणजे पाठीत दिलेली भुलीची सुई, आणि ते काही वेडगळ नव्हतं. सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपत राहिलं तर डोकं दुखतंच. पण तुम्ही ‘किती दुखतंय’ विचारायच्या आधी ‘कसं असताना दुखतं’ ते विचारलंत. आडवं झाल्यावर बरं वाटतं, की वाढतं? सुईमुळे दुखणारं डोकं बसलं-उठलं की ठणकतं आणि आडवं पडलं की उतरतं, कारण तिथे दाब कमी झालेला असतो. हिचं नेमकं उलट होतं. पहाटे कळ सगळ्यात जास्त, खोकलं की ठणका, आणि बाळाला उचलायला वाकली की दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधार. कानात नाडीच्या ठोक्यासरशी सूं-सूं आवाज यायचा, तो तर तिने मलाही सांगितला नव्हता. तुम्ही विचारलात म्हणून बाहेर आला.

मग सीटी स्कॅन झाला आणि ‘नॉर्मल’ असा निरोप आला. मेंदूत गाठ नाही! डोकेदुखी लांबली की घरच्यांच्या मनात ट्यूमरच येतो, आणि तो नाही म्हटल्यावर बाकी सगळं किरकोळ वाटतं. मी पिशव्या उचलायला लागलो होतो. तुम्ही पडदा ओढलात, दिवा मालवलात आणि डोळ्याच्या आतलं बघायचं ते छोटं यंत्र, ऑफ्थॅल्मोस्कोप, घेऊन तिच्या डोळ्याशी इतक्या जवळ वाकलात की तुमचं कपाळ तिच्या कपाळाला टेकतंय की काय असं वाटलं. आधी उजवा डोळा, मग डावा, मग परत उजवा. तिला लांबच्या भिंतीवरच्या एकाच ठिकाणी बघत राहायला सांगत होतात, आणि ती सांगत होती की ते ठिकाण तिला दोन-दोन दिसतंय.

“दोन्ही डोळ्यांच्या नसांना सूज आहे. गाठ दिसत नाही हे चांगलंच आहे, पण डोक्यातला दाब वाढलाय. तो का वाढलाय हे कळल्याशिवाय मी घरी सोडणार नाही.”

ते यंत्र हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये जगापुढे आणलं, हे मी नंतर वाचलं. स्कॅनच्या एवढ्या मोठ्या यंत्रातून न दिसलेली गोष्ट हातात मावणाऱ्या यंत्राने दाखवली, याचं मला अजून नवल वाटतं. सीटीला नावं ठेवायची नाहीत. गाठ, रक्तस्राव, पाण्याने फुगलेल्या पोकळ्या हे सगळं तो पटकन दाखवतो. पण शिरेत अडकलेली रक्ताची गुठळी साध्या सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही.

पहाटे एमआरआय आणि त्याबरोबर शिरांचा व्हेनोग्राम व्हायची वाट बघत असताना तुम्ही केस पेपरच्या मागच्या बाजूला कवटी काढून मला समजावलंत. कवटीत तीनच गोष्टी असतात: मेंदू, रक्त आणि पाणी, तेच जे मणक्यातही असतं. मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही, त्यामुळे एक वाढलं की दुसऱ्याला जागा सोडावी लागते, आणि सोडायला जागा उरली नाही की दाब चढतो. गाठीने चढतो, रक्तस्रावाने चढतो, मेंदूज्वराने, टीबीने, पाण्याची वाट तुंबल्याने चढतो. कधी सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, तरी डोळे जायची भीती असतेच. पाणी एका वेळी जेमतेम दीडशे मिली असतं, पण दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास नवं तयार होतं आणि तेवढंच मोठ्या शिरांमधून रक्तात परत जातं. शीरच बुजली तर? “नळ चालू आणि मोरी तुंबलेली,” तुम्ही म्हणालात. मग पाठीतून पाणी काढून टाका ना, असं मी म्हटल्यावर तुम्ही हसला नाहीत. आत काय आहे ते आधी बघावं लागतं, कारण गाठीसारखं काही दाबत असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून जिवावर बेतू शकतं, हे त्याच कागदावर बाण काढून दाखवलंत.

गुठळीच निघाली. डोक्याच्या माथ्यावरून मागे जाणाऱ्या मोठ्या शिरेत, आणि तिथून उजवीकडे वळणाऱ्या फाट्यातही. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून शरीर रक्त लवकर गोठेल अशी तयारी करतं, आणि ती तयारी पुढचे काही आठवडे टिकते, हे तेव्हा कळलं. हेपॅरिनची इंजेक्शनं लगेच सुरू झाली. ‘मेंदू’ आणि ‘रक्त पातळ करायचं औषध’ हे दोन शब्द एकत्र ऐकून माझे सासरे हबकलेच. गुठळीमुळे मेंदूत थोडा रक्तस्राव झालेला असला तरीही बहुतेक वेळा हेच औषध देतात, हे तुम्ही त्यांना दोनदा सांगितलंत, दोन्ही वेळा न वैतागता.

हिचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता: दूध पाजलं तर चालेल का? तुम्ही “बघून सांगते” म्हणालात. ड्यूटी संपल्यावर, ॲप्रन हातात घेऊन, खास तेवढ्यासाठी वॉर्डात आलात आणि सांगितलंत की हेपॅरिनवर चालेल, पुढे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या सुरू झाल्या तरी चालेल. तुमच्या दृष्टीने ही फार छोटी गोष्ट असेल. ती मात्र त्या मुक्कामात पहिल्यांदा तेव्हा निवांत झोपली.

आता सगळं सांगतो. डोकेदुखी गेली, कानातला आवाज त्याच्याही आधी गेला. दोन-दोन दिसणं जायला वेळ लागला. डोळ्यांच्या नसांची सूज उतरलीय आणि नजरेचा परीघ तपासला तो ठीक आहे. वॉरफरिन चालू आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा आटापिटाही चालू आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पुढे कधीच घ्यायच्या नाहीत, हे फाइलवर लाल शाईने लिहून घेतलंय.

पुढच्या महिन्यात व्हेनोग्राम परत करायचाय. त्या दिवशी तुमची ड्यूटी असेल तर भेटायला येऊ. बाळ आता पालथं पडायला लागलंय, त्यामुळे तपासणीच्या टेबलावर ठेवून गप्पा मारता येतील अशी आशा ठेवू नका.

तुमचा ऋणी,
त्या बाळंतिणीचा नवरा