'जीव घाबरा होतोय' हे परदेशी डॉक्टरला कसं सांगायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात उपचार घ्यायचे म्हटलं की आपल्याकडे बोलणं होतं ते खर्चाचं, विम्याचं, नाहीतर तिथली मशीन कशी भारी असतात त्याचं. भाषेचं काय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, अहो आता मोबाईलमध्ये सगळं ट्रान्सलेट होतं. मीपण हेच म्हणायचे. मागच्या वर्षी मुलीकडे गेलो असताना आमच्या ह्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि तेव्हापासून मी हे वाक्य बंद केलंय, म्हणून हे पत्र. देशाचं आणि हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाही, तिथली माणसं चांगलीच होती, चुकलं ते जास्त आमचंच.

झालं असं की पहाटे चारला हे उठून बसले, म्हणाले जीव घाबरा होतोय, छातीत कसंतरी होतंय. मुलगी कामासाठी दुसऱ्या गावी, जावयांनी गाडी काढली. जावयांना तिथली भाषा कामापुरती येते, म्हणजे दुकानात, ऑफिसात भागतं एवढी. डॉक्टर तरुण पोरगी होती, तिने फोन पुढे धरला, ह्यांनी त्यात मराठीत सांगितलं 'जीव घाबरा होतोय', फोनने काहीतरी वाक्य काढलं आणि ती बाई हसून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून समजूत घालायला लागली. आम्हाला वाटलं वा, किती प्रेमळ. मी सहज तेच वाक्य उलटं मराठीत करून बघितलं तर स्क्रीनवर आलं, 'मला भीती वाटते आहे'. म्हणजे आम्ही तिला सांगत होतो छातीत धडधडतंय आणि तिला ऐकू गेलं की म्हातारा हॉस्पिटलला घाबरलाय! त्यात जावयांनी आपल्या परीने भर घातली, गॅसेसचा त्रास आहे त्यांना जुना. झालं, गॅसची गोळी आणि बाकावर बसा.

नशिबाने एका नर्सने फोनवर दुभाषा जोडून दिला. मराठीचा मिळाला नाही, हिंदीचा मिळाला. तिकडे बसलेल्या त्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, घबराहट म्हणजे डर लग रहा है की दिल जोर से चल रहा है? एवढा एक प्रश्न. ह्यांनी दुसरं म्हणल्यावर दहा मिनिटांत ईसीजी काढला, ठोके अनियमित पडत होते, पुढचं सगळं मग व्यवस्थित झालं आणि आज हे ठणठणीत आहेत.

मी घरी आल्यावर विचार करत बसले की आपण दुखण्याचं बोलतो तरी कसं. कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, आग होणं, ठसठसणं, मुरडा, पेटके, घेरी, डोळ्यापुढे अंधारी, अंग मोडून येणं. प्रत्येकात डॉक्टरला हवी ती माहिती भरलेली असते, म्हणजे थांबून थांबून येतंय की सलग, एका जागी की पसरतंय. आणि मग 'पित्त झालंय' असं म्हणतो ज्यात डोकेदुखी, मळमळ, अंगावर गांध्या काहीही असू शकतं. अॅप ह्याचं करणार काय, शब्दाला शब्द ठेवणार. म्हणून निदान मी आता असं करते की दुखण्याचं नाव सांगायचंच नाही. कुठे होतंय ते बोटाने दाखवायचं, कधीपासून, किती वेळ टिकतं, काय केल्याने वाढतं आणि शून्य ते दहामध्ये किती, हे सांगायचं. ही वाक्यं अॅपमध्येसुद्धा बरी जातात, आणि पाठवायच्या आधी उलटी करून वाचायचीच.

पण माझं खरं म्हणणं दुसरंच आहे. घरच्या माणसाला दुभाषा करू नका. हे बोललं की आमच्या ओळखीतले लोक दुखावतात, पोटची पोर आहे ती काय खोटं सांगेल का. खोटं नाही हो, पण गाळते. दुसऱ्या दिवशी मुलगी आली आणि दुभाष्याचं काम तिने घेतलं. डॉक्टर चांगले तीन मिनिटं बोलले, मी घड्याळ बघत होते, आणि मुलगी आमच्याकडे वळून म्हणते, काही नाही बाबा, गोळ्या घ्यायच्यात फक्त. तीन मिनिटांचं बोलणं चार शब्दांत! त्यात रक्त पातळ होण्याची गोळी होती, पडलात, मार लागला तर लगेच या असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं, ते तिने बाबा घाबरतील म्हणून गिळून टाकलं. तिकडून इकडे तसंच इकडून तिकडेपण. लघवीचा काही त्रास का विचारल्यावर आमचे हे छताकडे बघायला लागले, 'नाही नाही, सगळं ठीक'. रात्री चार वेळा उठतात हे मला माहिती, पण लेकीच्या तोंडून तो विषय जाणार कसा? नंतर फोनवर त्याच हिंदीवाल्या बाई आल्या, दिसत नव्हत्या, ओळखीच्या नव्हत्या, आणि ह्यांनी घडाघडा सगळं सांगून टाकलं, दारूचंसुद्धा, जे मला नवीन होतं. असो.

हे नुसतं माझंच मत नाही. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ प्रमाणे सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला पात्र दुभाषा फुकट द्यावा लागतो आणि तातडीचा प्रसंग सोडून लहान मुलांकडून भाषांतर करून घेता येत नाही. ऑस्ट्रेलियात सरकारची फोनवरची दुभाषा सेवा चोवीस तास चालू असते, नंबर १३१ ४५०. सगळीकडे असं नाही, जर्मनीत सरकारी आरोग्य विमा परक्या भाषेच्या दुभाष्याचे पैसे देत नाही, तिथे आधी विचारून ठेवावं लागतं. पण विचारल्याशिवाय बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि आपण विचारत नाही, कारण आपल्याला वाटतं त्यांना उगाच त्रास.

१९८० साली फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलात आणलं होतं, घरचे स्पॅनिश बोलणारे, त्यांनी 'इंतोक्सिकादो' असा शब्द वापरला, म्हणजे त्यांच्या बोलण्यात काहीतरी खाण्यापिण्यातून बाधलंय. डॉक्टरांना ऐकू आलं ते इंग्रजीतलं 'इंटॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत असलेला. ड्रग्जचा ओव्हरडोस समजून उपचार झाले, खरं तर मेंदूत रक्तस्राव होता, मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले आणि तडजोडीची रक्कम सुमारे ७.१ कोटी डॉलरवर गेली. आणि दुभाषा का नाही बोलावला तर दोन्ही बाजूंना वाटलं होतं की आपल्याला समजतंय. मला हे वाचून काटा आला, कारण आमची ती पहाट डिट्टो अशीच होती, सगळे हसत होते, मान डोलवत होते.

ही मान डोलवायची सवयपण मोडली पाहिजे. डॉक्टरने विचारलं समजलं का, की आपण हो म्हणतो, वेळ खाल्ला असं वाटायला नको. त्यापेक्षा त्याने सांगितलेलं आपल्या शब्दांत दुभाष्याकरवी परत सांगायचं, ही गोळी सकाळी अर्धी, रात्री नाही, बरोबर? आमच्याकडून असं करताना एक चूक लगेच पकडली गेली.

आकड्यांचंही सांगून ठेवते कारण त्यात शब्दसुद्धा उपयोगाचे नाहीत. ह्यांची शुगर मशीनवर ९.४ आली, हे म्हणाले नऊ? मग मी आता जिवंत कसा? तिथे मोजायची पद्धतच वेगळी, त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो, म्हणजे साधारण १६९. ताप सेल्सिअसमध्ये, ३८.९ म्हणजे आपला १०२. काही देशांत दशांशाच्या टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात, ०,५ असं लिहिलेलं पाच वाचू नका. आणि गोळीचं ब्रँडचं नाव तिथे कोणालाच कळत नाही, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून न्या. त्यातही पॅरासिटामॉलला अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, तेव्हा नावं जुळली नाहीत म्हणून दोन्ही घेऊन बसू नका.

अजून एक, अपॉइंटमेंट घेतानाच भाषेचं नाव सांगायचं, मराठी, नसेल तर हिंदी. 'इंडियन' एवढंच सांगितलं तर समोरून कोणत्या भाषेचा दुभाषा येईल सांगता येत नाही. आणि दुभाषा आला की त्याच्याकडे नाही, डॉक्टरकडे बघून बोलायचं, छोटं वाक्य बोलून थांबायचं. आमच्या ह्यांना थांबायची सवय नाही, त्या फोनवरच्या बाईंना तीनदा 'रुकिए अंकल' म्हणावं लागलं.

तर संपादक साहेब, तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या रविवारी डॉक्टर मंडळींना बसवून आपल्या ह्या सगळ्या दुखण्याच्या शब्दांचा तक्ता छापता येईल का बघा, एका बाजूला आपला शब्द, दुसऱ्या बाजूला साध्या वाक्यात नेमकं काय होतं ते, कापून पासपोर्टमध्ये ठेवता येईल एवढाच. वरती पहिल्या ओळीत 'जीव घाबरा होणं' टाका.

आपली,
एक नियमित वाचक