रिस्टोअर केलंय म्हणता, मग चित्रातल्या रेघा कुठे गेल्या?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फ्लायशर या जुन्या अमेरिकन स्टुडिओच्या कार्टून्सचा ब्लू-रे सेट, सदोष ट्रान्सफर (फिल्मवरून डिस्कवर उतरवणं) आणि पैसे परत मिळणेबाबत

नमस्कार,

तुमचा पोपाय आणि सुपरमॅनचा सेट मी घेतला तो कव्हरवर ठळक छापलेल्या 'ओरिजिनल निगेटिव्हवरून रिस्टोअर्ड' या शब्दांवर विश्वास ठेवून. ही कार्टून्स पब्लिक डोमेनमध्ये आहेत, म्हणजे त्यांच्यावर आता कोणाचा कॉपीराइट नाही, हे मला माहितीये, कोणीही काढू शकतं, आणि म्हणूनच इतकी वर्षं बाजारात बहुतेक घासलेल्या १६ एमएम (अरुंद, छोट्या फिल्मच्या) प्रिंटवरून काढलेल्या भुरकट कॉप्याच मिळायच्या. म्हटलं आता तरी कोणीतरी नीट काम केलंय, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, आणि तुम्ही तोंडाला पानं पुसलीत.

१९३६ चं पोपाय आणि सिंदबादचं कार्टून लावून बघा. पोपायचं हे पहिलं रंगीत कार्टून, तेही थ्री-कलर टेक्निकलर या त्या काळच्या रंगीत फिल्मच्या पद्धतीत. यात सिंदबाद गाणं म्हणत आपल्या बेटावरून, गुहांमधून चालत जातो ना, तिथली मागची दृश्यं हाताने रंगवलेली नाहीत, फ्लायशरच्या लोकांनी खरंखुरं मॉडेल बनवून फिरत्या टेबलावर ठेवलं, त्याच्या पुढे काचेत सेल (पात्र रंगवलेला पारदर्शक कागद) उभा धरला, आणि एकेक फ्रेम शूट करताना टेबल थोडंथोडं सरकवलं. त्या खडकांचा खडबडीतपणा दिसणं हीच तर त्या सीनची मजा, आणि तुमच्या डिस्कवर ते खडक वापरून झिजलेल्या साबणासारखे गुळगुळीत झालेत. फिल्मचा ग्रेन, म्हणजे ते बारीक दाणे, ही घाण नाही हो, चित्रच त्याचं बनलेलं असतं, तो पुसला की डिटेलही जातो.

पण खरं घोडं पेंड खातं ते मारामारीत. पोपाय ठोसा फिरवतो तिथे पॉज करून एकेक फ्रेम पुढे घ्या, मनगटाची काळी रेघ एका फ्रेममध्ये आहे, पुढच्यात अर्धी, त्याच्या पुढच्यात गायब, पोपायच्या मैत्रिणीच्या, ऑलिव्हच्या, बारीक हातांचं तर विचारूच नका. हे का होतं तेही सांगतो. धूळ काढणारं सॉफ्टवेअर मागची आणि पुढची फ्रेम बघतं आणि जे एकाच फ्रेममध्ये दिसलं त्याला कचरा समजतं, आता हात जोरात फिरत असेल तर त्याची रेघही एका जागी एकाच फ्रेमपुरती असणार. म्हणून शहाणी माणसं ऑटोमॅटिकवर सोडून देत नाहीत, शेजारी माणूस बसतो आणि धूळ कुठली, शाई कुठली ते बघतो. अमेरिकेत थंडरबीनसारखं छोटंसं लेबल हे काम जीव ओतून करतं, तुम्हाला एवढी मोठी कंपनी असून जमू नये?

आणि निगेटिव्हवरून तर हे नक्कीच नाही. त्या काळी टेक्निकलर कार्टून्स ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर शूट व्हायची, प्रत्येक चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीनदा, एकाच पट्टीवर लागोपाठ. त्यात उडून जायला रंगच नसतो, त्यामुळे निगेटिव्ह चांगली राहिली असेल तर आजही रंग ठसठशीत निघतात. तुमच्याकडे सगळं गुलाबी पडलंय. पॉज केलं की दोन फ्रेम एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, आणि सोळा मिनिटांचं कार्टून अर्ध्या मिनिटाहून जास्त लवकर संपतं, म्हणजे २४ फ्रेमचं २५ करून बनवलेली जुनी पाल (PAL, सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) टेप उचललीत. त्यामुळे पोपायला आवाज देणाऱ्या जॅक मर्सरची ती पुटपुट, जी ऐकायलाच लोक पोपाय बघतात, ती चिरकी झालीये.

सुपरमॅनची सतरा कार्टून्स (१९४१ ते १९४३) तर वरून-खालून कापून वाइडस्क्रीन केलीत. जवळजवळ पाव चित्र गेलं. 'मेकॅनिकल मॉन्स्टर्स'मध्ये रोबोंची डोकी कापली गेलीयेत, आणि सावल्या, ज्यांच्यावर त्या लोकांनी एवढी मेहनत घेतली, त्या नुसत्या काळ्या डागासारख्या. टीव्हीला दोन्ही बाजूंना काळे पट्टे आलेले आम्हाला चालतात, चित्र अख्खं द्या.

फोन केला तर तुमच्या माणसाने सांगितलं, "सर, जुनं आहे ना, असंच दिसणार." याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी पुण्यात राहतो, २००३ मध्ये इथे नायट्रेट फिल्म्सच्या (चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्म्सच्या) साठ्याला आग लागली आणि आपल्या कितीतरी जुन्या सिनेमांची रिळं जळून गेली, ती आता परत येणार नाहीत. जे शाबूत राहिलंय ते तरी नीट दाखवा, पाट्या टाकून त्या चित्रकारांच्या माथी खापर फोडू नका.

मला पूर्ण पैसे परत हवेत. कव्हरवरचा दावा काढा, आणि पुढच्या बॅचवर सोर्स काय वापरला ते स्पष्ट छापा, १६ एमएम असेल तर १६ एमएम लिहा, मी तरीही घेईन. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवणार आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. बिल आणि बिघडलेल्या फ्रेम्सचे स्क्रीनशॉट्स सोबत जोडलेत, प्रत्येकावर वेळ टाकलीये.

आपला,
एक ग्राहक, पुणे